दोन नावांची तबकडी

१९७५ साली अमेरिकेत ‘हॉट सोनाटाज’ नावाची एक लाँगप्ले तबकडी ध्वनिमुद्रित झाली. तिच्यावर वाजवणारे दोघेच आहेत. व्हायोलिनवर जो व्हेनुटी आणि पियानोवर अर्ल हाइन्स. ड्रम नाही, बास नाही, गिटार नाही, गायकही नाही. दोघेही तेव्हा सत्तरी ओलांडलेले. जॅझ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांचा ताफा उभा राहतो. त्यामुळे एक व्हायोलिन आणि एक पियानो एवढ्याच भांडवलावर अख्खी तबकडी निघते, हे प्रथम ऐकणाऱ्याला नवलाचे वाटते.

या तबकडीवर मुंबईचे नाव कुठेही नाही. तरीही तिची पूर्वपीठिका शोधत मागे जाऊ लागले की वाट शिकागोला पोहोचते, आणि शिकागोहून फुटणारी तिची एक शाखा शांघायमार्गे थेट अपोलो बंदरावर, ताजमहाल हॉटेलच्या दारात येते. १९३०च्या दशकाच्या मध्यावर व्हायोलिन आणि पियानो ही दोन्ही वाद्ये त्या तोडीच्या अमेरिकी वादकांच्या हाती मुंबईत वाजत होती. त्यांची जोडीची तबकडी मात्र निघाली नाही. ती का निघाली नाही, याचे उत्तर शोधताना आपल्या शहरातल्या वाद्यवादकांच्या नावांचे काय झाले, हा मोठा प्रश्न उभा राहतो. हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

तबला नसलेली जुगलबंदी

प्रथम या जोडीची रचना समजून घेऊ. आपल्याकडे दोन वादक समोरासमोर बसले की तिसरा तबलजी गृहीतच असतो. ठेका तो धरतो, म्हणून दोघांना खेळता येते. व्हायोलिन आणि पियानोच्या जॅझमध्ये हा तिसरा माणूस नाही. मग ठेका कोण धरतो? उत्तर आहे, पियानोवादकाचा डावा हात.

शतकापूर्वीच्या जॅझ पियानोत या डाव्या हाताची एक ठरलेली चाल होती. तिला ‘स्ट्राइड’ म्हणतात, म्हणजे ढांगा टाकणे. चार मात्रांच्या मापात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला हात खालच्या सप्तकातला स्वर देतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला उडी मारून मधल्या सप्तकात येतो आणि तीन-चार स्वरांचा गुच्छ, म्हणजे कॉर्ड, वाजवतो. खाली-वर, खाली-वर अशी ही ढांग अखंड चालू राहते. तबल्यातला डग्गा आणि तानपुऱ्याचा आधार ही दोन्ही कामे एकाच हाताने करावी, तसा हा प्रकार. त्या काळच्या पुष्कळ गाण्यांचा साचा ३२ मापांचा असे. तो पूर्ण झाला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आवर्तन आहे, आणि आवर्तनाच्या आरंभाला परत येण्याचा आनंदही आहे. या ३२ मापांतून कॉर्डची जी वाट जाते, ती सांभाळून दोघे आपापली बढत करतात.

दुसरा मुद्दा स्वरांचा. पियानोचे स्वर पक्के. पट्टी दाबली की जो स्वर ठरलेला तोच निघणार. दोन पट्ट्यांमधली जागा त्याला वर्ज्य. व्हायोलिनला पडदे नाहीत, त्यामुळे मींड हा त्याचा प्राण. एक वाद्य पायऱ्यांनी चढते, दुसरे घसरत जाते. मराठी रसिकाला ही जोडी वाटते तितकी परकी नाही. बालगंधर्वांच्या रंगभूमीवर ऑर्गन आणि कादरबक्षांची सारंगी गाण्याच्या दोन बाजूंना होतीच. पक्क्या स्वरांचे वाद्य आणि मींडेचे वाद्य, मध्ये गाणारा, आणि ठेक्याला थिरकवाँसाहेब. या मांडणीतून गाणारा आणि तबलजी काढून घ्या, उरलेल्या दोघांवर सगळी जबाबदारी टाका. ‘हॉट सोनाटाज’ची रचना हाती लागते. साथीदारांनीच मैफल उचलायची, असा तो मामला आहे.

साथ आणि जुगलबंदी यांतला फरक इथे महत्त्वाचा. साथीदाराचे चुकले तर मुख्य कलावंत सावरून घेतो. दोघांच्या वादनात लपायला जागा नाही. म्हणूनच अशा तबकडीच्या मुखपृष्ठावर दोन नावे सारख्याच मोठ्या अक्षरांत छापावी लागतात. त्यांतले एकही नाव ‘आणि मंडळी’त घालता येत नाही.

पिटीलू, व्हायोलिन आणि तिसरी वाट

मी राहतो ते मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या अगदी कडेला आहे. इथल्या पुष्कळ घरांत बोलणे कन्नड आणि शाळा-कचेरी मराठी. कन्नडमध्ये व्हायोलिनला ‘पिटीलू’ म्हणतात. ‘फिडल’ या शब्दाला दक्षिणी जिभेने दिलेले हे वळण. एका शब्दात एका वाद्याचा प्रवास कसा साठून राहतो, याचा हा नमुना आहे.

हे वाद्य आपल्याकडे प्रामुख्याने दोन वाटांनी आले. पहिली वाट मद्रासची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुथुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर हे वाद्य युरोपीय वादकाकडून शिकले आणि त्यांनी ते कर्नाटक संगीतात आणले. तिथे ते जमिनीवर बसले. त्याचे डोके पावलावर टेकले, म्हणजे मींडेसाठी डावा हात मोकळा राहिला. पुढे हिंदुस्थानी संगीतातही ते बसूनच रुळले. गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, विष्णू गोविंद जोग, दामोदर केशव दातार ही नावे मराठी वाचकाला सांगावी लागत नाहीत. दुसरी वाट गोव्याची. तिथल्या चर्चच्या शाळांत मेस्तांनी पोरांना सॉल्फेज म्हणजे स्वरलिपीवाचन शिकवले आणि हातात व्हायोलिन दिले. हे व्हायोलिन हनुवटीखाली राहिले, उभ्याने वाजले आणि समोरच्या कागदावरचे स्वर वाचत गेले.

तिसरी वाट आली ती अमेरिकेची, आणि ती आली समुद्रमार्गे थेट ताजमध्ये. तिच्याकडे संगीताच्या इतिहासाचे फारसे लक्ष गेलेले नाही.

ॲबीचा गज

१९३५च्या अखेरीस लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकी वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात हिवाळी हंगामासाठी उतरला. सगळे वादक कृष्णवर्णीय असलेला जॅझ बँड मुंबईत प्रथमच येत होता. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी पुस्तकामुळे हा सगळा काळ पुन्हा उजेडात आला आहे. त्या पुस्तकाबद्दल लिहिताना ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनची चर्चा खूप झाली. पण या पहिल्या बँडचा नायक व्हायोलिनवादक होता, ही गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे.

ॲबीचा जन्म १९०० सालचा, मिनियापोलिसचा. न्यूयॉर्कमध्ये ‘सॅव्हॉय बेअरकॅट्स’ या बँडचे नेतृत्व, मग १९२७मध्ये दक्षिण अमेरिकेचा दौरा, १९२८पासून युरोप, आणि तिथून मुंबई, असा त्याचा प्रवास झाला. १९२०च्या दशकात नाचाच्या बँडचा म्होरक्या व्हायोलिनवाला असणे ही रीतच होती. तो गत वाजवे आणि गजानेच वादकांना इशारे देई. मात्र पितळी वाद्ये वाढली, दालने मोठी झाली, आणि मायक्रोफोनशिवायचे व्हायोलिन त्या गदारोळात ऐकू येईना. हळूहळू गज फक्त इशाऱ्यापुरता उरला. जॅझमधून व्हायोलिन मागे पडले, त्याचे एक साधे कारण आवाजाचा आकार हे आहे.

दुसरे कारण अधिक कडू आहे. कृष्णवर्णीय मुलाने अभिजात व्हायोलिनचे कितीही कसून शिक्षण घेतले तरी अमेरिकेतल्या सिम्फनी वाद्यवृंदात त्याला खुर्ची मिळत नव्हती. शिकागोचा एडी साउथ हे त्याचे ठळक उदाहरण. हात बीथोव्हेनसाठी तयार झालेले आणि पोट भरायचे नाचघरात. ज्या हॉटेलांत वाजवायचे, तिथे अनेकदा मुक्कामाला खोली मिळत नसे. तेव्हा या मंडळींनी पॅरिस, ब्यूनॉस आयर्स, शांघाय, मुंबई अशा दूरच्या शहरांत जी कामे धरली, त्यांत साहसाइतकाच नाइलाजही होता. ताजमध्ये त्यांना मानाने वाजवता आले. अर्थात समोर नाचणारा वर्ग संस्थानिक, साहेब आणि धनिक यांचाच होता.

ॲबीच्या ताफ्यात क्रिकेट स्मिथ नावाचा ट्रम्पेटवादक होता. नाव क्रिकेट, जन्म अमेरिकेतला! पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये गाजलेल्या लुई मिचेलच्या ‘जॅझ किंग्ज’मध्ये तो होता. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा रूडी जॅक्सन हा काही काळ ड्यूक एलिंग्टनकडे होता. ॲबी परत गेला तरी ही माणसे इकडे गुंतली. स्मिथने स्वतःचा ताफा बांधला, आणि त्याच्या पियानोवर येऊन बसला टेडी वेदरफर्ड.

वेदरफर्डचा डावा हात

टेडी वेदरफर्डचा जन्म १९०३चा, व्हर्जिनियातला. ताजमहाल हॉटेलही त्याच वर्षी डिसेंबरात उघडले. पियानो तो न्यू ऑर्लिन्समध्ये शिकला आणि १९२०च्या सुमारास शिकागोला आला. पुढची पाच-सहा वर्षे शिकागोच्या पियानोवादकांत त्याचा दबदबा होता.

त्याच्या शिकागोतल्या वर्षांकडे आपल्या विषयाच्या अंगाने पाहिले तर एक गोष्ट नजरेत भरते. जिमी वेडच्या बँडमध्ये तो पियानोवर होता तेव्हा त्याच बँडमध्ये व्हायोलिनवर एडी साउथ होता. नंतर तो व्हेंडोम थिएटरात अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात गेला. तिथे पडद्यावर मूकपट चाले आणि खाली वाद्यवृंद वाजे. हा अर्स्किन टेट स्वतः व्हायोलिनवादक. १९२६ साली या वाद्यवृंदाच्या दोन गती मुद्रित झाल्या. त्यांत ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँगचा आणि पियानो वेदरफर्डचा आहे. आर्मस्ट्राँगच्या चरित्रामुळे ती तबकडी जगभर ऐकली जाते. पियानोकडे मात्र बहुतेकांचा कान जात नाही.

याच सुमारास पिट्सबर्गकडचा एक तरुण शिकागोत येऊन पोहोचला होता. तो अर्ल हाइन्स. शहरात आधीपासून गाजत असलेल्या वेदरफर्डचे वादन त्याने ऐकले, आणि त्याचा हाइन्सवर झालेला परिणाम जॅझच्या इतिहासकारांनी नोंदवलेला आहे. मग दोघांच्या वाटा फुटल्या. १९२६मध्येच वेदरफर्ड ड्रमर जॅक कार्टरच्या बँडबरोबर शांघायला निघून गेला. हाइन्स शिकागोतच राहिला. १९२८च्या डिसेंबरात त्याने लुई आर्मस्ट्राँगबरोबर ‘वेदर बर्ड’ ही गत वाजवली. ट्रम्पेट आणि पियानो, बाकी कोणी नाही. जॅझमधल्या दोघांच्या वादनाचा तो मानदंड ठरला. त्यात हाइन्सचा डावा हात मध्येच ढांग मोडतो, ठेका क्षणभर नाहीसा होतो, आणि पुन्हा बरोबर जागेवर येऊन उभा राहतो. आपल्याकडे चांगला तबलजी समेला झुकांडी देऊन परत पकडतो, तेच हे. समोरच्याच्या अंगात लय मुरलेली नसेल तर तो अशा वेळी पडतोच. सत्तेचाळीस वर्षांनी व्हेनुटीबरोबर वाजवताना हाइन्सने हीच विद्या पणाला लावली.

वेदरफर्डने शांघायमध्ये नाव कमावले. कवी लँग्स्टन ह्यूज १९३३ साली तिथे त्याला भेटला आणि आपल्या आत्मकथनात त्याने त्याच्याविषयी लिहून ठेवले. मग मुंबई. १९३६मध्ये क्रिकेट स्मिथच्या बँडच्या ध्वनिमुद्रिका मुंबईतच झाल्या. ‘ताजमहाल’ नावाची गत त्यांतलीच. १९३७च्या उन्हाळ्यात वेदरफर्ड पॅरिसला गेला. तिथे ‘स्विंग’ नावाची नवी ध्वनिमुद्रिका कंपनी नुकतीच सुरू झाली होती. तिच्यासाठी त्याने एकट्याने पियानो वाजवला. ‘टी फॉर टू’ त्यांतली एक. त्या तबकड्यांत त्याचा डावा हात आजही निखळ ऐकू येतो. बाजूला ड्रम नाही, बास नाही, तरी ठेक्याला कुठेही पोकळी नाही. व्हायोलिनला टेकायला याहून भक्कम भिंत शोधूनही सापडली नसती.

आणि योगायोग असा की त्याच वर्षी, त्याच पॅरिसमध्ये, त्याच कंपनीसाठी एडी साउथनेही व्हायोलिन वाजवले. त्याच्या जोडीला दुसऱ्या व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेली आणि गिटारवर जँगो राइनहार्ट होते. बाखच्या दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्तोचा पहिला भागही त्यांनी जॅझच्या अंगाने मुद्रित केला. शिकागोच्या एका बँडमध्ये शेजारी बसलेले पियानो आणि व्हायोलिन अशा रीतीने एकाच सालात एकाच कंपनीच्या यादीत आले, पण वेगवेगळ्या तबकड्यांवर.

जोडी का जमली नाही

व्हायोलिनवाले आणि पियानोवाले एकमेकांच्या इतके जवळ वावरत होते, तर मग दोघांचीच तबकडी निघायला इतकी वर्षे का लागली? कारणे संगीताबाहेरची आहेत.

पहिले कारण नाचाच्या फरशीचे. ताजला जॅझ हवा होता तो नाचासाठी. फॉक्सट्रॉटची पावले पडायची तर ठेका दालनाच्या शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचला पाहिजे. दोघांचे वादन हे बसून ऐकायचे संगीत आहे. त्याला मैफल लागते, आणि हॉटेलाच्या धंद्यात मैफलीला जागा नव्हती.

दुसरे कारण तबकडीचे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मावत. तेवढ्यात बँडची गत बसते. दोघांचा संवाद रंगेपर्यंत सुई शेवटाला येते. १९४८मध्ये लाँगप्ले आली आणि एका बाजूला वीस मिनिटे मिळू लागली, तेव्हा कुठे अशा वादनाला प्रशस्त अंगण लाभले. ‘हॉट सोनाटाज’ त्या अंगणातली. मार्शल सोलालबरोबरची ग्रापेलीची १९८०ची ‘हॅपी रीयुनियन’ आणि मॅकॉय टायनरबरोबरची १९९०ची ‘वन ऑन वन’ याही व्हायोलिन-पियानोच्याच तबकड्या. ग्रापेलीने पोटासाठी मूकपटांच्या थिएटरांत पियानोही वाजवलेला होता, म्हणून समोरच्याच्या डाव्या हाताची कदर त्याला अधिक.

तिसरे कारण माणसांचे. वेदरफर्डकडे तेवढी वर्षेच उरली नव्हती. युद्धकाळात तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात होता. तिथल्या त्याच्या ताफ्यात अनेक देशांचे वादक होते. नेपाळी वंशाचा ट्रम्पेटवादक जॉर्ज बँक्स हा त्यांतला एक. त्याचा मुलगा लुई बँक्स पुढे मुंबईत आला आणि इथल्या जॅझ पियानोचा आधारस्तंभ झाला. २५ एप्रिल १९४५ रोजी वेदरफर्ड कलकत्त्यात पटकीने गेला. वय अवघे एकेचाळीस. ॲबी १९३९मध्ये अमेरिकेला परतला आणि पुढे शिकागोत छोट्या ताफ्यांत वाजवत राहिला. त्याचे निधन १९७५चे. व्हेनुटी आणि हाइन्स यांनी आपली तबकडी वाजवली ते हेच साल.

एकवचन आणि अनेकवचन

मुंबईतल्या व्हायोलिनचे पुढे काय झाले? ॲबी आणि वेदरफर्ड यांच्या पिढीचे वादन ज्यांनी जवळून ऐकले, ती मंडळी बहुतेक गोव्याची होती. धोबीतलाव आणि कॅव्हेलच्या कुडांत राहणारी, मेस्ताकडून स्वरलिपी शिकून आलेली, संध्याकाळी काळा कोट चढवून हॉटेलात जाणारी. आल्दोनाचा आंतोनियो शाव्हियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेटवर गाजला. मिकी कोरियाचा बँड १९३९पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वाजत होता. १९४९च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या, तसे हे वादक मोठ्या संख्येने सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले.

तिथे त्यांना काम मिळाले, पैसा मिळाला, आणि त्यांच्यामुळे सिनेसंगीताला एक नवे अंग मिळाले. आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, ‘अलबेला’त चिक चॉकलेटच्या ताफ्याचा जो उपयोग केला तो आजही ताजा वाटतो. पण व्हायोलिनच्या बाबतीत एक मूलभूत बदल घडला. ॲबीच्या हातात ते एकवचनी होते. सिनेमाच्या स्टुडिओत ते अनेकवचनी झाले. रांगेने बसलेले वादक, समोर कागद, सगळ्यांचे गज एकदम खाली, एकदम वर. त्या रांगेतला एखादा वादक रात्री घरी बसून कसा वाजवत असेल, ते तबकडीवर यायला जागा नव्हती. पियानोचेही तेच. गाण्याच्या सुरुवातीची चार मापे वाजवून तो मागे सरकत असे.

नावांचेही असेच झाले. चित्रपटगीताच्या तबकडीवर चित्रपट, गायक, संगीतकार, गीतकार ही नावे छापली जात. वाद्यमेळ लिहून देणारा ॲरेंजर आणि वाजवणारे पन्नास-साठ हात यांचा उल्लेख क्वचितच होई. ग्रेगरी बूथ यांनी २००८च्या ‘बिहाइंड द कर्टन’ या पुस्तकात या वादकांच्या मुलाखती छापल्या, तेव्हा अनेकांची नावे प्रथमच छापील कागदावर आली.

ॲन्थनी गोन्साल्व्हिसचे उदाहरण बोलके आहे. माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक १९४०च्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंत आला. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्याचे शिष्य. रागदारी आणि सिम्फनी यांचा मेळ घालण्याचा त्याला ध्यास होता. १९५८ साली त्याने स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा करून त्यासाठी लिहिलेल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. हा प्रयोग फार काळ चालवणे शक्य झाले नाही. १९६५मध्ये तो अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेला आणि परतल्यावर गोव्यात शांतपणे राहिला. २०१२मध्ये त्याचे निधन झाले. त्याचे नाव देशभर झाले ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे, तेही पडद्यावरच्या एका पात्राचे नाव म्हणून. शिष्याने गुरूला दिलेली ती मानवंदना होती. पण गाणे गुणगुणणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी कितींना ठाऊक होते की या नावाचा एक हाडामांसाचा व्हायोलिनवादक गोव्यात राहतो आहे?

लेबल वाचताना

आता पुन्हा व्हेनुटी आणि हाइन्स यांच्या तबकडीकडे येऊ. व्हेनुटीचाही मधला काळ विस्मृतीतच गेला होता. १९२६पासून एडी लँगच्या गिटारबरोबर त्याने जॅझ व्हायोलिनचा पाया घातला. १९३३मध्ये लँग अकाली गेला. पुढची कित्येक वर्षे व्हेनुटीला कोणी फारसे विचारले नाही. उतारवयात त्याला पुन्हा बोलावणे आले, लाँगप्लेचे अंगण मिळाले आणि तोलामोलाचा पियानोवाला मिळाला. हे तिन्ही योग जुळून आले म्हणून ती तबकडी आहे. गुणवत्ता तर त्यात आहेच. पण जगणे, राहते शहर आणि नाव छापणारी कंपनी यांचाही वाटा त्यात आहे.

वेदरफर्डने १९२६ साली शिकागो सोडले नसते तर काय झाले असते, या प्रश्नाला अर्थ नाही. त्याने शिकागो सोडले म्हणूनच तो डावा हात आपल्या किनाऱ्यावर वाजला आणि गोव्याच्या पोरांनी तो ऐकला. हाइन्स ‘जॅझ पियानोचा जनक’ म्हणून पुस्तकांत गेला आणि वेदरफर्ड तळटिपेत गेला. हा इतिहास अमेरिकेत लिहिला गेला. तिथून पाहणाऱ्याला आशियात गेलेला माणूस नाहीसा झालेला दिसतो. पण नाहीसा होऊन तो आला होता आपल्याकडे. त्याची नोंद ठेवण्याचे काम अमेरिकी लेखकांचे नव्हते, ते आपले होते. आपण ताजचा घुमट पाहत राहिलो, आतल्या पियानोवर कोण बसले आहे हे विचारले नाही.

ते काम अजून पूर्णपणे हातचे गेलेले नाही. १९३६च्या आणि १९३७च्या तबकड्यांची पुनर्मुद्रणे ऐकायला मिळतात. वेदरफर्डचा ‘टी फॉर टू’ ऐकावा आणि लगेच ‘हॉट सोनाटाज’ची एखादी गत लावावी. डाव्या हाताची ढांग कान देऊन ऐकली की शिकागोच्या एकाच मुशीतून निघालेले हे दोन हात ओळखू येतात. एक घरी राहिलेला, एक मुंबईला आलेला. वांद्रे, माहीम, गिरगाव इथल्या आणि साष्टी-बार्देशच्या पुष्कळ घरांत अजून जुन्या ध्वनिमुद्रिका आहेत, बँडचे गटफोटो आहेत, शाईने लिहिलेली स्वरलिपीची पाने आहेत. त्या फोटोंतल्या कडेच्या माणसाचे नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले तर तेवढे काम पुढे जाईल. व्हायोलिन कोणाच्या हातात आहे आणि पियानोवर कोण बसले आहे, निदान ही दोन नावे तरी लिहावीत.